डाव्या पापणीचे केस

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावलेली एक अंधारी खोली होती, आणि त्या खोलीत बाई एकोणीस वर्षं लोकांचे नंबर काढत होत्या. म्हणून सगळे त्यांना नंबरवाल्या बाई म्हणत. मालक म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, आणि वैतागले की घरी यजमानही म्हणत. बाईंना त्याचं काही वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता. समोरच्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, आधीचं बरं की आताचं? मधूनच भिंग बदलल्याचं सोंग करून पुन्हा तेच लावायची त्यांना खोड होती, कारण माणसं खोटं बोलतात याबद्दल त्यांची खात्री होती. वाईट हेतूनं नव्हे. शेवटची ओळ दिसत नाही असं म्हणायची माणसाला लाज वाटते, म्हणून तो अंदाजानं ठोकून देतो. असं ठोकून देणाऱ्याचा आवाज बाई पाठमोऱ्या असतानाही ओळखत.

एवढं असून स्वतःच्या मुलीपुढे त्यांची अक्कल सहा महिने कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

मुलगी पंधरा वर्षांची. लहान असताना हातात येईल ते दोन्ही मुठींत धरून कुरतडत बसायची म्हणून तिचं नाव खारू पडलं आणि ते तसंच राहिलं. तोंडाची टकळी सतत चालू. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच सगळ्या दिवसाचा वृत्तांत द्यायची, आणि बाई कांदा चिरता चिरता हं हं करायच्या. ती टकळी बंद कधी झाली हे विचारलं तर बाईंना तारीख सांगता येणार नाही. नळ हळूहळू कमी येत असेल तर बादली भरायला वेळ लागेपर्यंत कोण लक्ष देतं?

आधी दार लावून बसणं सुरू झालं. मग दार आपटणं. मग सोमवारी पोटात दुखणं आणि गुरुवारी डोकं. एकदा ताट सरकवलं ते भिंतीपर्यंत गेलं. एकदा बाबांनी अभ्यासाचं विचारलं तर त्यांच्या हातातला फोन तिनं फटकन खाली पाडला आणि लगेच इतकी रडली की विचारणाऱ्यालाच अपराध्यासारखं झालं. तासाभरानं काही झालंच नाही अशी येऊन बाबांच्या शेजारी टीव्ही बघत बसली. आता याला काय म्हणायचं? आजार म्हणावा तर टीव्हीवरच्या विनोदाला हसत होती. माज म्हणावा तर रडणं खरं होतं.

बाबा फ्रिज दुरुस्त करत. त्यांच्या धंद्यात अर्धे बिघाड फ्रिज बंद करून थोडा वेळ तसाच ठेवला की आपोआप जातात, म्हणून त्यांनी घरीही तेच सांगितलं. "तू तिला हात लावू नकोस. राहू दे थोडे दिवस. होईल चालू." नणंदबाईंनी सांगितलं की फोन काढून घ्या, सगळं मूळ त्यात आहे. फोन काढून घेतला तर खारू दोन दिवस जेवली नाही, परत दिला तर दोन दिवस फोनमधून डोकं वर केलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, वय आहे हो, आमचीही अशीच होती. त्यांची मुलगी अशी मुळीच नव्हती. ती जन्मापासून शहाणी होती आणि अजून आहे, पण धीर देणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा?

आणि अशातच एका सकाळी खारू दूध पीत असताना बाईंना तिच्या डाव्या वरच्या पापणीत फट दिसली. मधले सात-आठ केस नव्हते.

खरं सांगायचं तर बाईंना आनंद झाला. आई म्हणून धसका बसला, तो बसलाच. पण त्याच्या मागोमाग एक सुटकेचा निःश्वासही आला, कारण तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कळेल असं काहीतरी समोर आलं होतं. पापण्यांना कोंडा धरतो, मुळं सुजतात, केस गळतात. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, माणूस चिडचिडा होतो. सगळं कसं ओळीनं जुळत गेलं. त्याच दिवशी त्यांनी खारूला दुकानात नेलं, अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि मोठ्या भिंगाखाली पापणी पाहिली. कोंडा नव्हता. लाली नव्हती. पापणीची कड लहान बाळाच्या पापणीसारखी स्वच्छ होती. हे बाईंनी पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, सुरुवात असेल. जाता जाता नंबरही काढला. आधीचं की आताचं, यावर खारू तिसऱ्या प्रश्नापासून लवकर संपेल ते उत्तर देत होती, तरी अर्ध्याचा नंबर निघाला. निळ्या काड्यांचा चष्मा आला. आठ दिवस घरात अशी शांतता होती की बाबांनी स्वतः होऊन चहा केला.

शिवाय उपचार सुरू झाला. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर बाई वाटीत कोमट पाणी घेत, त्यात लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब टाकत, खारूला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवत आणि कापसाच्या बोळ्यानं पापण्यांची कड पुसत. मग कोरडा कापूस, मग मलम. दहा मिनिटांचं काम. दार आपटणारी, ताट सरकवणारी ही पोरगी त्या दहा मिनिटांत मान मागे टाकून गुपचूप बसायची. बाईंना वाटायचं, बरं वाटतंय तिला, गुण येतोय. तीन महिने एक दिवस चुकला नाही. केस मात्र येत नव्हते. उलट उजव्या पापणीतही फट पडली. बाईंनी मलम बदललं.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिकेनं घडलेलं सांगितलं ते असं. कुणीतरी वर्गात खारूला डोळ्यांवरून काहीतरी बोललं. खारूनं त्या मुलीची वही टराटरा फाडली, प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली आणि दोन तास बाहेर आली नाही. शिपायानं कडी तोडली तेव्हा तिनं त्याच्या अंगावर डबा फेकला. शिक्षिका वाईट नव्हत्या. आवाज खाली ठेवून म्हणाल्या की हिला कुणालातरी दाखवा. कुणाला, ते त्यांनाही सांगता येईना. मुख्याध्यापकांनी मात्र नेमकं सांगितलं: वर्गात बसायला हरकत नाही असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, त्यावर रुग्णालयाचा शिक्का, आणि ते पुढच्या शनिवारी चार वाजायच्या आत ऑफिसात. नाहीतर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.

त्या आठवड्याचं काय सांगावं. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या, सर्टिफिकेट माझं काम नाही म्हणाले. एका समुपदेशक बाईंचा नंबर मिळाला, त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवून या. मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं की समुपदेशन चालू आहे का, आधी ते करून घ्या, आणि तसाही डॉक्टरांचा वेळ सात आठवड्यांनी आहे. बाईंनी भिंतीवरच्या जाहिरातीतला मदतीचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसानं फार मायेनं विचारलं, मुलीच्या जिवाला आत्ता काही धोका आहे का? बाई म्हणाल्या, "आत्ता ती आंघोळ करतेय." तो माणूस हसला नाही. त्यानं मोठ्या रुग्णालयातला शनिवार सकाळचा किशोरवयीन मुलांचा विभाग सांगितला, आधी नाव न नोंदवताही जाता येतं म्हणाला. तीन दिवसांत कामाचं बोलणारा तो पहिला माणूस.

शनिवारी बाबा येतो म्हणाले आणि ऐन वेळी कुणाच्या तरी दुकानाचा मोठा फ्रिज बंद पडला. बाईंना राग आला, पण ते नाहीत याचं बरंही वाटलं. खारू तोंडाला कुलूप लावून आली. बाकावर तीन तास. समोर बसलेला एक मुलगा गुडघा हलवत होता, त्याची आई तो गुडघा दाबून धरत होती आणि सोडला की तो पुन्हा हलत होता. बाईंना दिलेल्या कागदावर तीस प्रश्न होते. झोप कशी आहे? बरी. मित्रमैत्रिणी आहेत का? बाईंनी 'हो' लिहिलं आणि मग एकही नाव आठवेना. खारूला विचारायला मान वळवली, तर ती भिंतीकडे बघत होती. 'हो' तसंच ठेवलं.

डॉक्टर तरुण होता, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. त्यानं कागद वाचला, चष्मा काढ म्हणून खारूला सांगितलं आणि एकदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"पापण्यांचे केस कधीपासून ओढून काढतेस?" त्यानं साधेपणानं विचारलं. भूक लागते का, असं विचारावं तसं.

खारूच्या आधी बाईच बोलल्या. "ओढून नाही काढत. गळतात. पापण्यांना कोंडा धरलाय, माझे उपचार चालू आहेत." आणि तो नुसता बघत राहिला म्हणून त्यांचा पारा चढला. "एकोणीस वर्षं मी हेच बघतेय, डॉक्टर."

डॉक्टरनं वाद घातला नाही. तो खारूकडे वळला. "तू सांग. गळतात?"

खारूनं आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. गळतात."

"बरं. मग हे डोळ्यांच्या विभागाचं काम आहे. मी तिकडे चिठ्ठी देतो. शाळेत जायला हरकत नाही एवढं सर्टिफिकेटवर लिहितो. एक वाजायच्या आत खिडकीवर शिक्का घ्या." त्यानं कागद ओढला आणि लिहायला लागला. त्याच्या दारात अजून चौदा माणसं होती.

सगळं मनासारखं झालं होतं. सर्टिफिकेट, शिक्का, शाळा, परीक्षा. पण बाईंचं लक्ष त्या कागदावर नव्हतं. कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. 'हो, गळतात' हे खारूनं अगदी तसं म्हटलं होतं, जसं गिऱ्हाईक शेवटची ओळ वाचून दाखवतं. न दिसता. समोरच्या बाईंना बरं वाटावं म्हणून.

ती स्वच्छ कड. कोंडा नाही, लाली नाही. तीन महिने कापसावर कधी काही आलं नव्हतं.

"लिहू नका," बाई म्हणाल्या. डॉक्टरनं मान वर केली नाही म्हणून पुन्हा म्हणाल्या. "थांबा. ती खरं सांगत नाहीये. मी म्हटलं म्हणून म्हणतेय ती."

खारू इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे पडली. चष्मा टेबलावरच राहिला. ती दार उघडून रांगेतल्या चौदा माणसांमधून वाट काढत निघून गेली. बाई तिच्यामागे धावल्या. अर्धवट सर्टिफिकेट डॉक्टरच्या हाताखाली तसंच होतं.

रस्त्यावर खारू पुढे आणि बाई दहा पावलं मागे. टायरचं दुकान गेलं, किल्ल्या करणाऱ्याची टपरी गेली, लोखंडी जाळी ओढलेली बँक गेली. बाई हाक मारत नव्हत्या. आपण बरोबर केलं की चूक? मुलीला परक्या माणसासमोर खोटी ठरवली. नसती ठरवली तर सोमवारी शाळेत गेली असती. गेली असती आणि कुणीतरी पुन्हा डोळ्यांवरून बोललं असतं. नसतंही बोललं. अर्ध्या वाटेवर त्यांना पक्कं वाटलं की घोडचूक झाली, आणि चार पावलांनी पुन्हा वाटलं की नाही. मेंदूचा नुसता भुगा झाला होता.

बस थांब्यापाशी खारू बसली. बाई एक जागा सोडून बसल्या. एक बस आली, थांबली, गेली.

"तुला कधी कळलं?" खारूनं विचारलं.

"आत्ता. तू हो म्हणालीस तेव्हा."

"खोटं."

"खरंच गं."

खारूनं पायातली चप्पल काढली, घातली. "मी ठरवून नाही करत. हात जातो. एक ओढला की मिनिटभर बरं वाटतं, डोक्यातलं सगळं बंद होतं. मग इतकी लाज वाटते. मग परत हात जातो."

"पण मला का नाही सांगितलंस? रोज माझ्यासमोर बसत होतीस. रोज. हातभर अंतरावर."

"म्हणूनच नाही सांगितलं," खारू म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "सांगितलं असतं तर तू पुसायचं बंद केलं असतंस."

बाईंना क्षणभर ऐकू आलं ते कळलंच नाही. कळलं तेव्हा काय वाटून घ्यावं ते कळेना. रोजची ती दहा मिनिटं. कापूस, वाटी, मान मागे टाकलेली पोरगी. ते औषध होतं की दुखणं वाढवायचा धंदा? केस आले असते तर दहा मिनिटं गेली असती, म्हणून केस येऊ दिले नाहीत, असं असेल का? की ती दहा मिनिटं होती म्हणून ही पोरगी तीन महिने तग धरून होती? दोन्ही खरं वाटत होतं. सहा महिने घरातल्या प्रत्येकानं तिला काहीतरी सांगितलं होतं, आणि तिला हवं होतं कुणीतरी काही न विचारता तोंडाला हात लावणं. हे एवढं साधं होतं? का हे साधं वाटतंय तेवढं साधं नाही? बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"आज पुसशील?" खारूनं विचारलं.

हो म्हणायला जीभ टाळ्यापर्यंत गेली होती. पोटच्या पोरीनं असं विचारल्यावर कुठल्या आईनं नाही म्हणावं? पण तीन महिने त्या अशाच खात्रीनं पुसत होत्या.

"माहीत नाही, खारू. मला खरंच माहीत नाही. तुझ्याजवळ बसावंसं वाटतंय, पण ते बरोबर की चूक, ते मला नाही ठरवता येत. त्या डॉक्टरला विचारू या का?"

खारूनं तळहातानं नाक पुसलं. "मी विचारते. पण तू बाहेर बस."

परत गेल्या तेव्हा पाऊण वाजला होता. रांग संपत आली होती. दाढीवाल्या डॉक्टरनं खारूला पाहिलं, चष्मा तिच्या हातात दिला आणि बाईंकडे न बघता दार लावून घेतलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग खारूचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि मग थांबेचना. घरी सहा महिन्यांत जेवढी बोलली नसेल तेवढी ती एका परक्या माणसाशी बोलत होती. बाईंना हायसं वाटलं आणि त्या माणसाचा हेवाही वाटला. यातलं जास्त काय वाटलं ते त्यांना विचारू नये.

एकला पाच मिनिटं असताना किल्ल्यांचा जुडगा घेतलेला शिपाई आला. "शिक्क्याची खिडकी बंद करतायत बाई. सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, मग सोमवारी." बाई नुसत्याच बघतायत म्हणून तो भला माणूस स्वतःच पुढे झाला. "थांबा, मी ठोठावतो."

अर्धवट लिहिलेलं सर्टिफिकेट आत टेबलावर होतं. दोन ओळी आणि एक सही. शाळेचं ऑफिस चारपर्यंत उघडं होतं. बाईंना परीक्षा दिसत होती, वर्ष दिसत होतं, घरी बाबा काय म्हणतील तेही दिसत होतं. त्या उठल्या आणि शिपाई आणि दार यांच्या मधे उभ्या राहिल्या.

"नको," त्या हळूच म्हणाल्या. "बोलतेय ती."

शिपायानं खांदे उडवले. थोड्या वेळानं कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीचं शटर खाली आल्याचा आवाज झाला. बाई दाराला पाठ लावून तशाच उभ्या होत्या आणि आत खारू अजून बोलत होती.